वैद्यकीय पालकभाव आणि रुग्णाची स्वायत्तता

रुग्णाच्या भल्यासाठी म्हणून त्याला न विचारता, अर्धवट सांगून किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारांचा निर्णय दुसऱ्याने घेणे, याला वैद्यकीय पालकभाव म्हणतात. ‘मायबाप’ या मराठी शब्दात ही वृत्ती नेमकी सापडते. मायबाप लपवतात, दटावतात, पण वाईट चिंतत नाहीत. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीराचे काय करायचे ते त्यानेच ठरवावे, हे स्वायत्ततेचे तत्त्व याच्या विरुद्ध टोकाला उभे राहते. या वादात सहसा डॉक्टर आणि रुग्ण असे दोनच पक्ष धरले जातात. भारतात मात्र तिसरा पक्ष, म्हणजे नातेवाईक, बहुतेक वेळा या दोघांपेक्षा वरचढ असतो.

ही गोष्ट आजची नाही. रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, सांगितल्याने त्याला किंवा इतर कुणाला धक्का बसणार असेल तर वैद्याने ते बोलू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. उदररोगावरील विषप्रयोगासारख्या जोखमीच्या उपचाराआधी ज्ञातिबांधव, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरू यांची अनुज्ञा घ्यावी, यश येईल की नाही याची शंकाही बोलून दाखवावी, असे तीच संहिता चिकित्सास्थानात म्हणते. संमतीची ही कल्पना त्या काळाच्या मानाने बरीच पुढची आहे. पण या यादीत खुद्द रुग्ण नाही.

पाश्चात्त्य वैद्यकही फार वेगळे नव्हते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 1847 च्या आचारसंहितेत रुग्णाने डॉक्टरची आज्ञा पाळावी, अशीच अपेक्षा होती. ‘प्रौढ आणि सुजाण माणसाला आपल्या शरीराचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क आहे’ अशा आशयाचे न्यायमूर्ती कार्डोझो यांचे प्रसिद्ध विधान 1914 चे. न्यूयॉर्कमधील त्या प्रकरणात एका स्त्रीने भूल देऊन फक्त तपासणी करायला होकार दिला होता, आणि डॉक्टरांनी तिची गाठच काढून टाकली होती. रुग्णालयाविरुद्धचा खटला ती हरली. विधान तेवढे जगभर गेले. डॉक्टरांची सवय मोडायला त्यानंतरही काळ लागला. 1961 च्या एका अमेरिकी पाहणीत जवळपास 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. 1979 मध्ये तशाच पाहणीत 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले.

भारतातील मुख्य निवाडा ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ हा आहे (सर्वोच्च न्यायालय, 16 जानेवारी 2008), आणि त्याची हकिकत न्यूयॉर्कच्या प्रकरणाशी थक्क करील इतकी जुळते. 1995 मध्ये दिल्लीत 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व बीजकोश काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. रुग्ण सज्ञान होती आणि काही वेळाने शुद्धीवर येणारच होती, तेव्हा आईच्या संमतीला अर्थ नाही. तपासणीला दिलेला होकार म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेला होकार नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. भरपाई मात्र 25,000 रुपयेच मिळाली, कारण डॉक्टरांचा हेतू चांगला होता असे मानले गेले.

याच निकालात न्यायालयाने थोडा पालकभाव स्वतःकडेही राखून ठेवला. उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे डॉक्टरने सांगावे. पण ज्याने रुग्ण घाबरून आवश्यक उपचार टाळेल असे दूरचे धोके सांगण्याची गरज नाही. समंजस रुग्णाला जे जाणून घ्यावेसे वाटेल ते सांगावे, ही अमेरिकी कसोटी भारतीय परिस्थितीला झेपणार नाही, हा त्यामागचा विचार. ब्रिटनमध्ये 2015 च्या माँटगोमेरी निकालाने याच्या उलट दिशा धरली : त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जे महत्त्वाचे वाटेल, ते सांगितलेच पाहिजे.

नियमांतही घरचे पुढे आणि रुग्ण मागे अशीच रांग दिसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत शस्त्रक्रियेची लेखी संमती कोणाची घ्यावी, तर पती किंवा पत्नी, अल्पवयीन रुग्ण असल्यास पालक, ‘किंवा स्वतः रुग्ण’, असा क्रम आहे. गर्भपाताच्या 1971 च्या कायद्याला सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, तरी नवऱ्याची सही मागणारी रुग्णालये आहेतच. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ हा वॉर्डातला पहिला प्रश्न. ‘त्यांना काही सांगू नका, डॉक्टर’ ही नातेवाइकांची पहिली विनंती. बिल भरणारा, रात्र काढणारा आणि उद्या भांडायला येऊ शकणारा नातेवाईक समोर उभा असतो. डॉक्टर त्याच्याशीच बोलतो. घरी न्यायचे ठरले, तर ‘डामा’च्या, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत असल्याच्या, कागदावरही बहुधा त्याचीच सही असते. यात प्रेम नसते असे नाही, पण खाटेवरच्या माणसाला आपल्याच आजाराची बातमी सर्वांत शेवटी कळते.

नातेवाईक म्हणजे कोण, हाही प्रश्न सरळ नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधील हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे 2015 पर्यंत, तिथेच अचेत अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे जीवनाधार काढण्याची मागणी केली, तेव्हा 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नसून इतकी वर्षे त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने म्हटले.

9 मार्च 2018 च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने जीवनेच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता येईनासे झाल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. ती अट जानेवारी 2023 मध्ये सुटली आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरला. हे पत्र सांभाळणारे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात पाठपुरावा केला. गोव्यात 2024 मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे पत्र नोंदवले. आपण बोलू शकणार नाही तेव्हा निर्णय कोणी घ्यावा, हे या पत्रात नावानिशी लिहावे लागते. 2023 पासून एकाहून अधिक नावे देता येतात. तिथेही बहुधा नातेवाइकांचीच नावे येतात, फक्त ती रुग्णाने निवडलेली असतात.