वंध्यत्व उपचारातील फसवणूक : मुदत कुठून मोजायची?

वाशीम-गडचिरोलीकडची जोडपी टेस्ट ट्यूब बेबीसाठी नागपूर गाठतात, कापूस विकून आलेले पैसे भरतात. शुक्राणू दुसऱ्याचेच वापरले गेले, हे कधी कधी पुढे साध्या रक्तगट तपासणीतून उघड होते. वडिलांचा गट ओ असेल तर मुलाचा एबी येत नाही. अपवाद अगदी विरळा. दिल्लीत 2009 मध्ये जन्मलेल्या जुळ्यांबाबत असाच प्रश्न उभा राहिला आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2023 मध्ये दीड कोटींच्या भरपाईचा आदेश दिला.

फसवणूक लपवली असेल तर दावा किंवा तक्रार करण्याची मुदत ती कळल्यापासून मोजायची, हे तत्त्व 1908 च्या मुदत कायद्यातही होते. 1963 च्या कायद्यात ते कलम 17 मध्ये आले. मात्र त्याला एक अट आहे: वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळले असते, तेव्हापासूनही मुदत सुरू होते. 1986 च्या ग्राहक कायद्यात सुरुवातीला मुदतच नव्हती. 1993 मध्ये दोन वर्षे ठरली आणि 1995 मध्ये डॉक्टरांची सशुल्क सेवा या कायद्याखाली असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

खरी अडचण सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालात दिसते. 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉझ (रक्त टिपायचे जाळीदार कापड) 2002 मध्ये सापडला आणि रुग्ण महिलेने दोन वर्षांच्या आत, 2004 मध्ये तक्रार केली. ‘कळल्यापासून मुदत’ हा नियम न्यायालयाने मान्य केला, तरीही ती हरली. नऊ वर्षे पोट दुखत असताना तिने त्या डॉक्टरकडे विचारणा केली नव्हती, आणि ती स्वतः परिचारिका होती. गावात बोभाटा होईल म्हणून गप्प बसणाऱ्या जोडप्यांना हाच मुद्दा नडतो. संशय आला, की घड्याळ सुरू झाले असे धरूनच चालावे.

अमेरिकेतील इंडियाना राज्याने 2019 मध्ये अशा फसवणुकीसाठी वेगळी मुदत आखली. डीएनए पुरावा मिळाल्यापासून पाच वर्षांची सवलतही त्यात आहे. आपल्याकडे 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात अशी तरतूद नाही. कामाची गोष्ट एवढीच, की क्लिनिकला नोंदी किमान दहा वर्षे जपाव्या लागतात. त्याआधी 2002 च्या वैद्यकीय नियमांत भरती रुग्णांच्या नोंदींसाठी फक्त तीन वर्षे होती, त्यामुळे जुन्या प्रकरणांत फाईलच मिळत नाही.

म्हणून फाईल लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. 72 तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे. रक्तगटाचा किंवा डीएनएचा अहवाल तारखेसह जपा. 2019 च्या ग्राहक कायद्यातही मुदत दोन वर्षेच आहे. उशिराला सबळ कारण असेल तर विलंबमाफीचा अर्ज तक्रारीसोबतच जोडावा. उपचार नागपुरात झाले तरी तक्रार आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण ती रक्कम दाखवणाऱ्या पावत्या हव्यात.