तुळजापूरचा घाट आणि सपाट पाऊल

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी निघालं की रस्ताभर पाय कुरकुरतात, पण सगळीकडून सारखेच. घाट लागला की माझं दुखणं एका जागी येऊन बसतं: आतल्या घोट्याच्या मागे, जरा खाली.

माझी पावलं सपाट आहेत. आंघोळ करून ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर उभं राहिलं की इतरांच्या ठशात आतल्या बाजूला एक कोरडी कोर उरते. माझ्या ठशात ती नाही. अख्खं पाऊल उमटतं, थापलेल्या भाकरीसारखं.

सपाट रस्त्यावर आधी टाच टेकते, भार पुढे सरकतो आणि शेवटी चवडा व अंगठा जमीन मागे रेटतात. चढावर टाचेचा वाटा कमी होतो, चवड्याचा वाढतो. सपाट पाऊल आत कलतं, त्यामुळे हा वाढलेला भार बऱ्याचदा अंगठ्याकडच्या बाजूला जातो.

आता कोणी म्हणेल, पाऊल जास्त जागेवर टेकतं, तर दाब कमीच व्हायला हवा. शाळेतलं गणित बरोबर आहे, पण सरासरीपुरतं. दुखणं सरासरीतून येत नाही.

खरी मेख घोट्यात आहे. साध्या चालीतही नडगी पावलावरून साधारण 10 अंश पुढे झुकावी लागते. चढाचा कोन त्यात वर पडतो. 20 मीटरला 1 मीटर चढ म्हणजे जेमतेम 3 अंश, पण पोटरी आखडलेली असेल तर तेवढेही घोट्यात मिळत नाहीत. मग शरीर पळवाट काढतं: पाऊल मधूनच वाकतं आणि उरलीसुरली कमानही खचते. पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून कमानीखाली जाणारा एक स्नायू तिला धरून ठेवायला धडपडतो. माझं दुखतं ते तिथेच.

हे घरी बघता येतं. भिंतीपासून चार बोटांवर अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. कुणाला तरी मागून बघायला सांगा. घोटा आत कोसळताना स्पष्ट दिसतो.

मग चवड्यांवर उभे राहा. अंगठा वर वाकला की तळव्याखालचा जाड पट्टा रहाटाच्या दोरासारखा ताणला जातो आणि कमान वर येते. ती दिसली, तर तुमचं पाऊल लवचिक सपाट आहे. अशी बहुतेक पावलं जन्मभर काही त्रास देत नाहीत, दुखत नसेल तर उपचारही लागत नाहीत. (लहान मुलांची पावलं तर सपाटच असतात. उगाच बूट बनवून घेऊ नका.) कमान आलीच नाही, किंवा एकच पाऊल मोठेपणी सपाट होऊ लागलं, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मी स्वतः दोन महिने आधीपासून भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतो, मागचा गुडघा सरळ, बोटं समोर. आणि घाटात पावलं आखूड टाकतो. पाऊल आखूड असलं की नडगीला फार झुकावं लागत नाही. बरोबरचे पुढे निघून जातात, वरच्या चहाच्या टपरीवर भेटतात.