जादूचे सामान व गमतीच्या वस्तूंचा व्यापार

हातचलाखीचे साहित्य आणि दुसऱ्याची फजिती करण्यासाठी बनवलेल्या वस्तू यांची देशोदेशींची खरेदी-विक्री. १९८८ पासून लागू असलेल्या जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात या मालाचा क्रमांक ९५०५ आहे. नाताळची सजावट आणि कार्निव्हलचे सामान हे त्याच क्रमांकातले शेजारी. या क्रमांकाच्या स्पष्टीकरणात प्रयोगासाठी खास बनवलेले पत्ते, टेबले, पडदे येतात. तशीच शिंकेची पूड, फसवी मिठाई आणि कोटाला खोचायचे पाणी उडवणारे फूलही येते. सरकारी कागदात शिंकेची पूड सापडावी, ही मौजच.

नवी मुंबईलगत उरण तालुक्यातले न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. चीनमधल्या यिवूसारख्या किरकोळ वस्तूंच्या मोठ्या बाजारांतून निघालेला माल कंटेनरमधून इथे उतरतो. आयातदाराच्या वतीने कस्टमचे काम पाहणारा क्लिअरिंग एजंट बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची माहिती देणारा कागद, भरतो, कस्टमकडून माल सुटतो आणि पुढे भिवंडीची गोदामे, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचे घाऊक गाळे, ठाण्यात जांभळी नाका असा तो पसरतो.

खरी मेख वर्गीकरणात आहे. खेळायचा साधा कॅट ९५०४ खाली जातो, जादूचा कॅट ९५०५ खाली. वरून दोन्ही सारखेच. बर्लिंग हल या अमेरिकन जादूगाराने १९०९ मध्ये आणलेला ‘स्वेंगाली’ कॅट पाहावा. त्यातले निम्मे पत्ते एकच, समजा बदामाची राणी, आणि तेवढेच पत्ते केसभर आखूड. अंगठ्याने फर्रकन सोडले की दोन-दोन पत्ते जोडीने पडतात, आखूड पत्ता लांब पत्त्यामागे दडतो आणि सगळा कॅट वेगवेगळा दिसतो. मध्येच बोट घालून उचलला की हाती राणीच. रस्त्यावरचा विक्रेता हा खेळ दहा वेळा करून दाखवतो, पण कॅट हातात देत नाही. पैसे मिळाल्यावरच बाजूला घेऊन गुपित सांगतो. म्हणजे कस्टमपुढे जे उलगडून सांगायचे, तेच गिऱ्हाइकापासून लपवायचे.

पेटंटचीही तीच गोची. पेटंट घ्यायचे तर रचना जाहीर करावी लागते. सोरेन ॲडम्स या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन कारखानदाराने हस्तांदोलन करताच तळहाताला झिणझिण्या आणणाऱ्या यंत्राचे पेटंट १९३२ मध्ये घेतले. त्यात वीज नव्हती. चावीची स्प्रिंग होती, इतकेच. बसताच अधोवायूचा आवाज काढणारी रबरी उशी त्याच सुमारास टोरांटोच्या एका रबर कारखान्यातून निघाली; ॲडम्सने ती आधी नाकारली होती. हल्लीच्या शॉक पेनमध्ये मात्र खरोखरच सेल असतो आणि हृदयविकार असलेल्याच्या हाती ते देणे ही गंमत नव्हे.

भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रबरी झुरळ किंवा पाल खेळणे मानायची की गमतीची वस्तू, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ शब्दांचा राहत नाही.

खाजेच्या पुडीची गोष्ट तर उलट्या दिशेची. परदेशी दुकानांत विकल्या गेलेल्या या पुडीचा एक जुना कच्चा माल म्हणजे खाजकुयलीच्या शेंगेवरची तपकिरी लव. त्यातले म्युक्युनेन हे विकर (एन्झाइम) कातडीला लागले की आग होते आणि खाजवले की ती आणखी पसरते. ही वेल ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या रानात आपोआप वाढते. शाळेच्या बाकावर ती लव भुरभुरवणाऱ्या इथल्या पोरांना त्यासाठी कुठल्या पाकिटाची वाट पाहावी लागली नाही.