नुसत्या सुयांनी हात उठत नाही

ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर एक सल्ला कायम फिरतो: अर्धांगवायू झाला? अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्या, व्यायामाची कटकट नको. आणि सहा महिने उलटले की सगळंच संपलं. दोन्ही चूक. बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूचा शाबूत भाग ते काम नव्याने शिकतो, तेही तीच हालचाल शेकडो वेळा केल्यावर. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्यांच्या चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्याला दोन आठवडे राबवलं. तो सुधारला! (बोटं थोडी तरी हलत होती, हे खरं.) अ‍ॅक्युपंक्चरवरच्या ३१ चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये तपासल्या, पुरावा कच्चा निघाला. जोडीला हवं तर घ्या, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया टोचणाऱ्याला आधी सांगा.