समाप्ती संकेत

समाप्ती संकेत : प्रथिनाची साखळी कोठे संपवावयाची हे ठरविणारे, संदेशवाहक आरएनएमधील (जनुकातील माहिती प्रथिननिर्मितीच्या जागी नेणाऱ्या रेणूमधील) तीन क्षारकांचे त्रिक. (आरएनएचे क्षारक यू, ए, जी व सी या अक्षरांनी दर्शवितात.) एकूण ६४ त्रिकांपैकी ६१ त्रिके ॲमिनो अम्ले दर्शवितात. यूएए, यूएजी व यूजीए या उरलेल्या तिहींसाठी पेशीत सामान्यतः वाहक आरएनए (ॲमिनो अम्ल आणून देणारा रेणू) नसतो. यांपैकी एखादे त्रिक रायबोसोममध्ये (प्रथिने तयार करणाऱ्या पेशीतील कणात) वाचनस्थानी आले की तेथे साखळी सोडविणारा मोचक घटक शिरतो आणि पूर्ण झालेली साखळी शेवटच्या वाहक आरएनएपासून जलविच्छेदनाने (पाण्याच्या रेणूने बंध तुटून) सुटी होते. हा मोचक घटक स्वतः प्रथिनच आहे, हे लक्षणीय होय.

या संकेतांच्या शोधाचे एकच वर्ष सांगणे अवघड आहे. ॲलन गॅरेन व ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूच्या अल्कलाइन फॉस्फटेज एंझाइमाच्या जनुकातील काही उत्परिवर्तने (आनुवंशिक बदल) अभ्यासली. त्यांमुळे बंद पडलेली एंझाइमनिर्मिती अन्य जनुकातील बदलाने पुन्हा सुरू होत असे; यावरून अशा उत्परिवर्तनांत एखादे त्रिक कोणतेच ॲमिनो अम्ल न दर्शविणारे, म्हणजे 'निरर्थक', बनत असावे असे दिसले. त्याच वर्षी सेमूर बेंझर व स्यूएल चँप टी४ या जीवाणुभक्षी विषाणूवरून तशाच निष्कर्षाला आले. मात्र असे 'निरर्थक' त्रिक साखळी खरोखर तोडते, याचा प्रत्यक्ष पुरावा १९६४ मधील आनंद साराभाई, सिडनी ब्रेनर व सहकाऱ्यांच्या प्रयोगात मिळाला : टी४च्या डोक्यातील प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन जितके पुढे, तितका प्रथिनाचा तुकडा लांब. 'समाप्ती' ही कल्पना येथूनच सिद्ध झाली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. यूएजीची ओळख १९६५ मध्ये, तर यूजीएची १९६७ मध्ये पटली. सिद्दीकी यांनी १९६२ मध्येच होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग उभारला.

समाप्ती संकेत भलत्या जागी उद्भवल्यास विकार होतो. भारतीय रुग्णांत आढळणाऱ्या बीटा थॅलॅसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या एका प्रकारात बीटा ग्लोबिन या हीमोग्लोबिनातील प्रथिनाच्या जनुकातील १५वे त्रिक, म्हणजे ट्रिप्टोफॅनचे यूजीजी, एका क्षारकाच्या बदलाने यूएजी होते. त्यामुळे १४६ ॲमिनो अम्लांची साखळी १४व्या अम्लाशीच खुंटते. शिवाय असा सदोष संदेशवाहक आरएनए पेशी बहुधा नष्ट करते. थॅलॅसीमियाच्या अशा उत्परिवर्तनांचा अभ्यास मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत झाला आहे.

यूजीए सर्वत्र समाप्ती संकेतच असतो असे नाही : मानवी तंतुकणिकांत (पेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या घटकांत, मायटोकाँड्रियांत) यूजीए हे ट्रिप्टोफॅनचे त्रिक आहे. काही प्रथिनांत तेच सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमयुक्त ॲमिनो अम्ल दर्शविते.