व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरचा वेग चुकीचा का दिसतो: पार्श्वभूमी

एका यंत्रावर अनेक यंत्रं, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, भासवण्याची कल्पना १९६०च्या दशकातल्या मेनफ्रेमची. आजचा गोंधळ मात्र पीसीवर वाढला. जुनं लिनक्स बूट होताना एक रिकामं लूप फिरवायचं आणि टायमरच्या एका टिकमध्ये (ठरावीक काळाने येणाऱ्या दोन इशाऱ्यांमधल्या अंतरात) त्याच्या किती फेऱ्या झाल्या त्यावरून ‘बोगोमिप्स’ काढायचं. आकडा बोगस आहे हे नावातच सांगितलेलं, तरी लोक तो वेग म्हणून वाचत आले.

प्रत्यक्ष प्रोसेसरवर हा आकडा निदान स्थिर येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये लूप चालू असतानाच होस्टने (मूळ यंत्राने) व्हीसीपीयू, म्हणजे त्या मशीनला दिलेला भासमान प्रोसेसर, बाजूला काढला, तर फेऱ्या कमी भरतात आणि प्रोसेसर मंद दिसतो. टिक उशिरा पोहोचली तर तोच प्रोसेसर वेगवान ठरतो. १९९३च्या पेंटियमसोबत आलेल्या टाइमस्टॅम्प काउंटरलाही (प्रोसेसरच्या आतल्या ठोक्यांच्या मोजणीलाही) हीच बाधा झाली, कारण त्याची गती जुन्या १.१९३१८२ मेगाहर्ट्‌झच्या टायमरशी ताडून ठरवली जायची. पुढे हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) ही गती गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, थेट सांगू लागले आणि तेवढा भाग बराचसा मिटला.

खरा घोळ ‘स्टील’ (इंग्रजी steal, म्हणजे चोरी) या शब्दाने घातला. लिनक्सच्या कर्नल (गाभा) २.६.११ मध्ये प्रोसेसरच्या वेळेच्या हिशेबात हा रकाना आला: गेस्टकडे काम होतं, पण होस्टने प्रोसेसर दिला नाही, तो वेळ. माझ्या मते नावच चुकलं. चोरी म्हटलं की संशय शेजारच्या मशीनवर जातो. केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरव्हायझरमध्ये मात्र व्हीसीपीयूने होस्टच्या रांगेत काढलेला वेळ इथे मोजला जातो, मग ती वाट गर्दीमुळे असो वा आपल्यालाच ठरवून दिलेल्या मर्यादेमुळे. मर्यादेतला वेळ वेगळा दाखवावा असा प्रस्ताव आला होता, तो स्वीकारला गेला नाही. तो निर्णय मला आजही पटत नाही. दोन वेगळी कारणं एका आकड्यात मिसळली की निदान करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

हायपरव्हायझरने हा आकडा पुरवलाच नाही, तर परिस्थिती आणखी वाईट. रकाना शून्य राहतो आणि गेलेला वेळ त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसच्या खात्यावर पडतो. वाट्याला निम्माच प्रोसेसर आला असेल, तर ५ सेकंदांचं काम प्रोसेसचा प्रोसेसर-वापर दाखवणाऱ्या ‘टॉप’ या आज्ञेत १० सेकंदांचं दिसतं.

हायपरथ्रेडिंगमध्ये, म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर दोन थ्रेड एकत्र चालवतो तिथे, तर दोन व्हीसीपीयू एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर बसून एकमेकांना मंदावतात, तेव्हा स्टील खरोखरच शून्य असतो. त्या मंदपणासाठी गेस्टमध्ये रकानाच नाही.