मध्ययुगीन इंग्लंडच्या हस्तलिखितांतील राजचित्रे

मध्ययुगात इंग्लंडमध्ये चर्मपत्रावर लिहिलेल्या ग्रंथांत, सनदांत आणि न्यायालयाच्या नोंदींत राजा-राणींची जी चित्रे रंगवली गेली, ती येथे अभिप्रेत आहेत. त्यांचा काळ दहाव्या शतकापासून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत येतो. राजा दिसायला कसा होता, याचा शोध घेणाऱ्याच्या हाती या चित्रांतून फारसे काही लागत नाही. मुकुट, राजदंड, दाढी आणि झगा हे सगळ्यांचे जवळपास सारखेच. खरा अर्थ असतो तो राजाच्या कृतीत : तो कोणापुढे वाकला आहे, त्याच्या हातात काय आहे, आणि ती वस्तू कोणाकडून कोणाकडे चालली आहे. या परंपरेतला सर्वांत मोठा बदलही तिथेच दिसतो. सुरुवातीचे राजे देताना रंगवले आहेत, तर शेवटचे बहुतेक घेताना.

आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने समकालीन चित्र राजा एथेलस्टनचे आहे. संत कथबर्टच्या चरित्राच्या ९३४ च्या सुमारास तयार झालेल्या प्रतीत ते असून ती प्रत केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहे. मुकुट घातलेला राजा उघडा ग्रंथ हातात धरून मान झुकवून उभा आहे आणि समोर चर्चच्या दाराशी संत कथबर्ट आहे. राजा ग्रंथ अर्पण करतो आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो वाचतो आहे. कथबर्ट तेव्हा मरून अडीचशे वर्षे झाली होती. तरी चित्रात तो जिवंत यजमानासारखा उभा आहे आणि इंग्लंडचा राजा त्याच्या दारी आला आहे. त्या वेळी कथबर्टच्या अवशेषांचा सांभाळ करणारा उत्तरेकडचा धर्मसंघ प्रबळ होता आणि एथेलस्टनला उत्तरेत आपली सत्ता स्थिर करायची होती. ती मान झुकण्यामागे भक्ती आणि राजकारण दोन्ही आहे. एथेलस्टनने याच संताला दिलेल्या दुसऱ्या एका ग्रंथातही असे चित्र होते. तो ग्रंथ १७३१ साली कॉटन ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत बहुतांशी नष्ट झाला.

विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टर मठाला राजा एडगरने ९६६ मध्ये दिलेली सनद ही या परंपरेतली अत्यंत देखणी वस्तू आहे. सनद असूनही ती ग्रंथरूपात आहे आणि तिचा मजकूर सोन्याच्या शाईने लिहिला आहे. आपल्याकडचे राजे दानपत्र तांब्यावर कोरून घेत, त्यामागचाच टिकाऊपणाचा आणि भव्यतेचा आग्रह इथे दिसतो. दोनच वर्षांपूर्वी बिशप एथेलवोल्डने मठातून जुन्या धर्मगुरूंना काढून तिथे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे बेनेडिक्टाइन भिक्षू आणले होते आणि सनदेने त्या बदलावर राजमुद्रा उमटवली. चित्रात एडगर मेरी आणि संत पीटर यांच्यामध्ये उभा आहे. देवदूतांनी वेढलेल्या ख्रिस्ताकडे त्याने सनद उंचावली आहे आणि प्रेक्षकाकडे त्याची जवळजवळ पाठच आहे. राजाला पाठमोरा दाखवण्याचे धाडस चित्रकाराने केले, कारण राजाने कोणाकडे पाहायचे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

याच मठाच्या नामावलीग्रंथात, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या नावांच्या ग्रंथात, १०३१ च्या सुमाराचे राजा क्नूट आणि राणी एमा यांचे रेखाचित्र आहे. डॅनिश क्नूटने १०१६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि पुढच्या वर्षी आधीच्या राजाची विधवा एमा हिच्याशी लग्न केले. दोघे वेदीवर मोठा सोन्याचा क्रूस ठेवत आहेत. एक देवदूत क्नूटच्या डोक्यावर मुकुट ठेवतो, दुसरा एमाच्या डोक्यावर ओढणी. क्नूटचा एक हात क्रूसावर आणि दुसरा तलवारीच्या मुठीवर आहे. जिंकून मिळवलेले राज्य आणि देवाने दिलेले राज्य, या दोहोंची सांगड इतक्या थोडक्या रेषांत घालणारे चित्र या काळात दुसरे नाही. एमा ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, म्हणजे अधिक मानाच्या बाजूला आहे. दहाएक वर्षांनी तिच्याच प्रशस्तीसाठी लिहिलेल्या ग्रंथात ती सिंहासनावर बसून लेखकाकडून ग्रंथ स्वीकारते आणि हार्थाक्नूट व एडवर्ड हे तिचे दोन मुलगे बाजूने डोकावतात. ग्रंथाची दिशा उलटल्याचे हे इंग्लंडमधले फार जुने उदाहरण आहे आणि ते राणीचे आहे.

घाबरलेला राजा मात्र क्वचितच रंगवला गेला. वूस्टरचा भिक्षू जॉन याच्या बखरीत पहिल्या हेन्रीची दुःस्वप्ने चितारली आहेत : झोपलेल्या राजाभोवती आधी अवजारे घेतलेले शेतकरी, मग शस्त्रधारी सरदार, मग दंडधारी बिशप जमतात. कर सोसणाऱ्या प्रजेचा राग इतक्या उघडपणे दाखवणारे हे पान विलक्षण आहे.

तेराव्या शतकात सेंट ऑल्बन्स मठातला इतिहासकार मॅथ्यू पॅरिस स्वतःच चित्रेही काढत असे. शाईची रेघ आणि वर हलका रंग, ही त्याची पद्धत. त्याच्या इतिहासग्रंथात विजेत्या विल्यमपासून तिसऱ्या हेन्रीपर्यंतचे राजे ओळीने बसले आहेत. हेन्रीच्या हातात त्याने १२४५ पासून नव्याने बांधायला घेतलेल्या वेस्टमिन्स्टर ॲबीची प्रतिकृती आहे. इतर राजांच्या हातीही अशा वास्तू आहेत. मॅथ्यू हेन्रीला प्रत्यक्ष ओळखत होता. १२४७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सोहळ्यात राजाने त्याला जवळ बसवून सारे नोंदवायला सांगितले होते. तरीही त्याने राजाचा चेहरा इतर राजांपेक्षा फारसा वेगळा काढला नाही. राजाची ओळख त्याने बांधलेल्या वास्तूवरून व्हावी, हा त्याचा हिशेब होता.

चौदाव्या शतकापासून दान वरून खाली येऊ लागते. तिसरा एडवर्ड गुडघे टेकलेल्या मुलाला, ब्लॅक प्रिन्सला, अ‍ॅक्विटेन प्रांताची सनद देतो, असे चित्र एका हस्तलिखिताच्या आद्याक्षरात आहे. पंधराव्या शतकात राजाच्या न्यायालयाच्या नोंदींतील पहिल्या अक्षरातही सिंहासनस्थ राजा बसवला जाऊ लागला. चेहऱ्याच्या साम्याची ओढ रिचर्ड दुसऱ्याच्या काळात स्पष्ट होते, पण ती आधी दिसते लाकडी फळीवरील चित्रांत. हस्तलिखिते त्या बाबतीत मागेच राहिली.

पुढे ग्रंथ स्वीकारणारा राजा हा ठरीव विषय झाला. कवी हॉक्लीव्हच्या ग्रंथाच्या एका प्रतीत भावी पाचव्या हेन्रीपुढे एकजण गुडघे टेकून आहे. तो कवी की एखादा सरदार, यावर वाद आहे. फ्रान्समधल्या रुआँमध्ये १४४४-४५ साली तयार झालेल्या ग्रंथात सरदार जॉन टॅल्बट तो ग्रंथ सहाव्या हेन्रीशेजारी बसलेल्या त्याच्या राणीला, मार्गारेट ऑफ अँजूला, देतो. समोरच्याच पानावर फ्रेंच राजचिन्हातल्या फुलाच्या आकारात वंशावळ काढून हेन्रीचा फ्रान्सवरचा हक्क मांडला आहे. जुनी दिशा पूर्ण पुसली गेली मात्र नाही. बारा वर्षांचा सहावा हेन्री १४३३ च्या नाताळापासून काही महिने बरी सेंट एडमंड्स मठात राहिला. त्या भेटीनिमित्त त्या मठातल्या कवी लिडगेटने लिहिलेल्या संत एडमंडच्या चरित्राच्या सचित्र प्रतीत तो संताच्या समाधीपुढे गुडघे टेकतो.

लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यातल्या १४७७ च्या हस्तलिखितात अर्ल रिव्हर्स, म्हणजे राणीचा भाऊ अँथनी वुडव्हिल, तत्त्वज्ञांच्या वचनांच्या ग्रंथाचा आपला अनुवाद चौथ्या एडवर्डला देतो. हाच अनुवाद त्याच वर्षी इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापला होता. शेजारी राणी एलिझाबेथ आणि सात वर्षांचा राजपुत्र एडवर्ड आहेत. हा मुलगा १४८३ मध्ये पाचवा एडवर्ड म्हणून राजा झाला आणि त्याच वर्षी टॉवर ऑफ लंडनमध्ये दिसेनासा झाला. त्याच्या उरलेल्या मोजक्या समकालीन चित्रांपैकी हे एक आहे.

या चित्रांचा पुरावा म्हणून वापर करताना काळ तपासणे आवश्यक ठरते. पहिला एडवर्ड पार्लमेंटमध्ये बसल्याचे प्रसिद्ध चित्र पुस्तकांत तेराव्या शतकाचे म्हणून छापले जाते. ते सोळाव्या शतकात काढलेले आहे. परंपरेच्या अखेरीस १५४० च्या सुमारास फ्रेंच लेखनिक ज्याँ मालार याने आठव्या हेन्रीसाठी स्तोत्रग्रंथ केला. त्यात हेन्री स्वतःच बायबलमधला डेव्हिड राजा होऊन वीणा वाजवतो आणि त्याचा विदूषक विल सॉमर्स पाठ फिरवून उभा आहे. संताची किंवा दात्याची गरज आता उरलेली नाही. हेन्रीने या ग्रंथाच्या समासात स्वहस्ते टिपणे केली. ‘मी तरुण होतो, आता वृद्ध झालो’ या ओळीशेजारी त्याने लॅटिनमध्ये ‘दुःखद वचन’ असे लिहिले आहे.